स्टोरीबोर्डातला कुत्रा

आमच्या पटकथेत कुत्रा नव्हता. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास नारायण पेठेतल्या एका बोळातून रद्दीवाल्याची हातगाडी कॅमेऱ्याकडे येत होती, तेवढ्यात डावीकडून एक तांबूस कुत्रा आला. त्याने चाकाचा वास घेतला, पाय वर करायचा विचार केला, तो बेत रहित केला आणि उजवीकडे निघून गेला. रद्दीवाला झालेला आमचा मित्र जराही न बिचकता गाडी ढकलत राहिला. शॉट ओके झाला. इतका ओके झाला की फिल्म संपल्यावर लोक त्याच शॉटबद्दल बोलायचे.

हे 2004 सालचं. पुण्यातल्या एका कॉलेजात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आम्ही पाच जणांनी मिळून आठ मिनिटांची फिल्म केली होती. सोनीचा पीडी-150 कॅमेरा दोन दिवसांच्या भाड्यावर, तीन मिनी डीव्ही टेपा आणि एकाच्या मावशीकडून दोन्ही दिवस पोळीभाजीचे डबे. वर्षाच्या सुरुवातीलाच गुणांचा कागद हातात आला होता. फिल्मला 50, प्रॉडक्शन फाइलला 30, व्हायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला 20. कागदाच्या मागच्या बाजूला प्रत्येक विभागाखाली चार-पाच ओळी होत्या, 'नियोजन आणि प्रत्यक्ष चित्रीकरण यांतला संबंध' वगैरे. मागची बाजू आम्ही वाचलीच नाही. पुढचे आकडे मात्र तोंडपाठ होते आणि आमचं गणित सोपं होतं: फिल्म भारी झाली की बाकीचे गुण मागोमाग येतात.

फाइलमध्ये स्टोरीबोर्डही, म्हणजे शूटिंगच्या आधी काढायची शॉटची चित्रं, लावायचा असतो हे सबमिशनच्या आदल्या रात्री कळलं. आम्ही तो केलाच नव्हता. मग एडिट झालेली फिल्म मॉनिटरवर लावली, प्रत्येक शॉटला थांबवली, काचेवर बटर पेपर चिकटवला आणि पेन्सिलने गिरवत सुटलो. पहाटे चारपर्यंत बासष्ट चौकटी झाल्या. आमच्यातल्या एकाचा हात चांगला होता. सगळी रात्र तोच बसला होता. त्याने हातगाडी काढली, बोळ काढला, वरून लोंबणाऱ्या वायरी काढल्या, आणि कुत्राही काढला. शेपटीसकट, मन लावून.

दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून जे गृहस्थ आले होते ते बिनबाह्यांच्या स्वेटरमधले, फारसं न बोलणारे. माहितीपटांचं संकलन करायचे असं नंतर कळलं. फिल्म त्यांनी आधीच पाहिली होती. फाइल उलटता उलटता ते एका पानावर थांबले. चश्मा कपाळावर सरकवला.

"कुत्रा छान काढलाय," ते म्हणाले.

आम्ही खूश.

"पण कॉलशीटवर याचं नाव दिसत नाही."

कॉलशीट म्हणजे त्या दिवशी शूटिंगला कुणी कुणी यायचं त्याची आधी केलेली यादी. आमचा दिग्दर्शक एरवी कुणाला बोलू देत नसे. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. फाइलला 30 पैकी 8 मिळाले. फिल्मला 41. पुढची कित्येक वर्षं आम्ही पाचही जण ही गोष्ट त्या गृहस्थांच्या खडूसपणाची म्हणून सांगायचो. फिल्म आवडूनसुद्धा कागदपत्रांसाठी गुण कापणारा कारकुनी माणूस, असं. मी सर्वांत रंगवून सांगायचो. नंतर मी एडिटरच झालो, आणि मग एका कॉलेजने मला एक्स्टर्नल म्हणून बोलावलं. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर जी फाइल आली, तिच्यातल्या स्टोरीबोर्डच्या चौकटीत बूमच्या, म्हणजे लांब दांड्यावरच्या, माईकचं टोक चितारलेलं होतं. फ्रेममध्ये चुकून आलेलं. गिरवणाऱ्याने इमानदारीने तेही गिरवलं होतं.

मी चश्मा लावत नाही. नाहीतर कपाळावर सरकवलाच असता.

हे सगळं परत डोक्यात आलं 2022 च्या पावसाळ्यात. माझी भाची पुण्यातल्या एका आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमाच्या, शाळेत बारावीला होती, फिल्म हा तिचा एक विषय, तोही हायर लेव्हलला. भर पावसात ती रेनकोटसकट घरात आली आणि सोफ्यावर कागदांची चळत आपटली. "मामा, माझी फिल्म कुणाला बघायचीच नाहीये. सगळ्यांना ती मोजायचीये."

कागद मी वाचायला घेतले. आमच्या वेळच्या त्या एका पाठपोट कागदापुढे हा ग्रंथच होता. हायर लेव्हलच्या मुलांची एकूण विभागणी अशी: एका चित्रपटाच्या तुकड्याचं विश्लेषण 20 टक्के, दोन चित्रपटांचा तौलनिक अभ्यास 20 टक्के, प्रत्येकाने वेगवेगळ्या तीन भूमिकांत केलेल्या कामाचा पोर्टफोलिओ 25 टक्के, आणि गटाने मिळून केलेली फिल्म 35 टक्के. गटाची फिल्म जास्तीत जास्त सात मिनिटांची, श्रेयनामावली धरून. सोबत प्रत्येकाचा स्वतंत्र अहवाल, 2000 शब्दांच्या आत. गटात प्रत्येकाने एकच भूमिका घ्यायची: लेखक, दिग्दर्शक, छायाचित्रण, ध्वनी किंवा संकलन. कॉपीराइट असलेलं संगीत वापरायचं नाही. आणि हा भाग शाळा तपासत नाही. तो बाहेर जातो, जगात कुठेतरी बसलेल्या परीक्षकाकडे.

भाचीच्या वाट्याला ध्वनी आला होता. 'आला होता' असंच म्हणावं लागेल. दिग्दर्शन आणि कॅमेरा पहिल्या पाच मिनिटांत उचलले गेले, एडिटिंग एका मुलाकडे लॅपटॉप चांगला म्हणून गेलं, उरला आवाज. विद्यार्थ्यांच्या गटात आवाजाचं असंच होतं. लग्नात पंगतीला वाढायला कोण, हे ठरवताना घरात जी शांतता पसरते, तीच. म्हणून प्रत्येक भूमिकेचं वेगळं मूल्यमापन करण्याची ही पद्धत मला फार आवडते. आमच्या 41 गुणांत सगळ्यांचा वाटा सारखा होता. त्यात दोन्ही दिवस ट्रॅफिक थांबवून उभा राहिलेला मुलगा होता आणि शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी अकराला उगवलेला एक महाभागही होता. तो आता एका वाहिनीत बऱ्यापैकी वरच्या जागी आहे, ते असो.

भाचीचा खरा राग मात्र एका शब्दावर होता. हेतू. जवळजवळ प्रत्येक निकषात तो वेगवेगळ्या रूपांत येत होता: फिल्म करणाऱ्याचा हेतू काय, तो कुठे दिसतो, कुठे साधला, कुठे नाही. "करताना काय हेतू-बितू असतो का डोक्यात? छान वाटलं म्हणून केलं," ती म्हणाली.

आता इथे मी एक्स्टर्नल झाल्यावर जे शिकलो ते तिला सांगितलं. निकष वाचताना नामं वाचायची नाहीत, क्रियापदं वाचायची. खालच्या पायरीवर लिहिलेलं असतं 'वर्णन केले आहे'. मधल्या पायरीवर 'स्पष्ट केले आहे'. वरच्या पायरीवर 'समर्थन केले आहे' किंवा 'मूल्यमापन केले आहे'. मुलांना वाटतं की वर जाण्यासाठी जास्त लिहावं लागतं. तसं नसतं. एक विद्यार्थी लिहितो, 'आम्ही खिडकीजवळ शूट केलं.' हे वर्णन. दुसरा लिहितो, 'सकाळचा उजेड मऊ असतो म्हणून खिडकीजवळ शूट केलं.' हे स्पष्टीकरण. तिसरा लिहितो, 'आधी ट्यूबलाइटखाली करून पाहिलं. बाईला रात्रभर झोप लागलेली नाही एवढंच दिसायला हवं होतं, पण चेहरा हिरवट येऊन ती आजारी दिसायला लागली. म्हणून खिडकीजवळ गेलो, पण मग बाहेरच्या स्कूटरचा आवाज आला, तो शेवटपर्यंत पूर्ण काढता आला नाही.' हा तिसरा माणूस फिल्म करत होता. बाकी दोघंही कदाचित करत असतील, पण त्यांच्या कागदावरून मला ते कळायला मार्ग नाही.

नियमांचंही तसंच. 180 अंशांचा नियम प्रत्येक फिल्मच्या मुलाला पहिल्या महिन्यात शिकवतात: बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर डावीकडे बघणारा अचानक उजवीकडे बघायला लागतो आणि प्रेक्षक गोंधळतो. माझ्याबरोबर एकदा परीक्षक म्हणून बसलेले एक सर रेषा ओलांडली की लगेच दोन गुण उडवायचे, क्रिकेटच्या पंचासारखं बोट वर करून. पण निकषात कुठेच 'नियम पाळला' असं लिहिलेलं नव्हतं. 'तंत्राचा परिणामकारक वापर' असं होतं. नवराबायकोच्या भांडणात अगदी नेमक्या वाक्यावर रेषा ओलांडणारी मुलगी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कॅमेरा कुठे होता तेच विसरलेला मुलगा, यांच्या पडद्यावरच्या चुका हुबेहूब सारख्या दिसू शकतात. फरक कळतो तो फाइलमध्ये. म्हणून फाइल.

भाचीला हे पटलं नाही. ही सगळी परीक्षकांची सोय आहे, फिल्मशी याचा संबंध नाही, असं तिचं म्हणणं. मग मी फाळक्यांचा वाटाणा काढला.

दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणि बाकी सामग्री घेऊन आले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईत लागला हेही माहीत असतं. या दोहोंच्या मध्ये पैशांचा प्रश्न होता. भांडवल देणाऱ्याने कशाच्या भरवशावर पैसे द्यावेत? तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा रोखला आणि महिन्याहून जास्त काळ थोडं थोडं चित्रीकरण करत राहिले. पडद्यावर ते सगळं मिनिटभराचं झालं: दाण्याला कोंब फुटतो, कोंब वाढतो, त्याचा वेल होतो. ही छोटीशी फिल्म त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली आणि पैसे उभे राहिले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले, ते वेगळं.

"म्हणजे हा त्यांचा प्रोजेक्ट," भाची म्हणाली.

"आणि सावकार एक्स्टर्नल."

त्या सावकाराकडे निकषांचा कागद नव्हता, पण निकष होता. हा माणूस हे काम तडीस नेईल का? त्या एका मिनिटात वाटाण्याच्या वेलाबरोबर आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे रोज नेमाने कुंडीपाशी जाणारा माणूस. तो फ्रेममध्ये नाही, तरी दिसतो. माझं आपलं मत असं की भारतीय सिनेमातली ही पहिली प्रॉडक्शन फाइल, आणि ती पडद्यावरच दाखवलेली.

भाची गप्प बसली. पटलं म्हणून की पाऊस थांबला म्हणून, सांगता येत नाही.

पण मलाच सगळं पटलेलं आहे असं नाही. तीनेक वर्षांपूर्वी एका कॉलेजात गेलो होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला मुलगा, त्याची सहा मिनिटांची फिल्म, विहिरीवर मोटार चालू व्हायची वाट बघणाऱ्या बापलेकांची. वीज रात्री येणार, किती वाजता ते नक्की नाही, दोघं बांधावर बसलेत. संकलन इतकं नेमकं की मी धंद्यातला माणूस असून दोनदा मागे जाऊन पाहिलं. मोटारीची घरघर सुरू होते त्याच्या आधी दीड-दोन सेकंद तो मुलाच्या चेहऱ्यावर थांबला होता. ते थांबणं शिकवता येत नाही. आणि त्याची फाइल? इंग्रजीत तीन ओळी. फाइल इंग्रजीतच हवी असा त्या कॉलेजचा नियम. तीन ओळींत दोन स्पेलिंगच्या चुका, आणि 'व्हेरी गुड एक्स्पीरिअन्स' असा शेवट.

व्हायवाला मी त्याला मराठीत विचारलं, त्या दीड सेकंदाबद्दल. तो वीस मिनिटं बोलला. वीज यायच्या आधी डीपीतून, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरमधून, कसा बारीक आवाज येतो, तो बापाला आधी कळतो, मुलाला नंतर, म्हणून आधी बापाचा शॉट घेतला होता. पण बाप मान वळवताना अवघडून अभिनय करायला लागला. शेवटी मुलावर गेलो, तो म्हणाला, कारण मुलाला काय होणार आहे ते ठाऊकच नव्हतं, मी त्याला सांगितलंच नव्हतं. हे सगळं 'समर्थन केले आहे' या पायरीवरचं होतं. वरचंच म्हणा. पण व्हायवाला होते 10 गुण आणि फाइलला 20. व्हायवाला मी 9 दिले. फाइलला 4 च्या वर जाता येईना, कारण कागदावर जे नाही त्याला गुण द्यायचे नसतात, आणि शेजारच्या मुलीने रात्र रात्र जागून चांगली अठरा पानं लिहिली होती. तिच्यावर अन्याय करून याला न्याय देणार कसा? सही करून बाहेर पडलो. गेटबाहेर चहा घेतला. चहावाल्याशी उगाच भांडलो, कप छोटा म्हणून. निकष म्हणजे विचारांची खूण शोधणं, हे मी भाचीला ऐटीत सांगितलं होतं. पण खूण कुठल्या भाषेत उमटलेली चालेल, हे कागद लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि ते कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.

तर भाचीची फिल्म. माझ्या आईच्या घरी शूट झाली. एक म्हातारी बाई सकाळभर एकटी घरात, बस. घड्याळ एकदाही दाखवायचं नाही, वेळ फक्त आवाजांतून कळला पाहिजे, हे त्यांचं ठरलं होतं. दूधवाल्याची बेल, कुकरच्या शिट्ट्या, खाली भंगारवाला, दुपारी शाळेतून परतणाऱ्या पोरांचा गलका. कल्पना दिग्दर्शिकेची, पण आता सगळी फिल्म ध्वनीवर येऊन पडली आणि पहिल्या पाच मिनिटांत डायरेक्शन उचलणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. रेडिओवर एक जुनं गाणं हवं होतं, ते नियमात बसेना. मग आईने जात्यावरची एक ओवी गुणगुणली, तिच्या आईची. आमच्या घरात जातं मी कधी पाहिलेलं नाही. आईलाही ओवी येते हे मला त्या दिवशी कळलं.

अडचण फ्रिजची होती. आईचा फ्रिज जुना आहे, दर दहा मिनिटांनी घूं करून सुरू होतो. पहिल्या दिवशीच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तो होता. दोन शॉट जोडले की एकात घूं आणि दुसऱ्यात शांतता, कट असा ऐकू यायचा की जणू कुणी दार आपटलं. त्यातून प्रत्येक जागेची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवायची असते, आमच्यात तिला रूम टोन म्हणतात, तीही घेतलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी भाचीने फ्रिज बंद केला, सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं, रूम टोनही घेतला, विजयी मुद्रेने घरी गेली. फ्रिज चालू करायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं दूध नासलेलं, साठवलेल्या सायीला वास, आणि दोन दिवसांनी पाहुणे येणार म्हणून चक्का टांगून ठेवलेला, त्याचंही तेच. आईने मला फोन केला. तिला सिनेमाबद्दल जे काही वाटतं ते तिने थोडक्यात सांगितलं.

भाची हा प्रसंग अहवालात लिहायला तयार नव्हती. पहिल्या मसुद्यात होतं: 'पार्श्वध्वनी नियंत्रित करण्यासाठी योग्य ती काळजी घेण्यात आली.' मी म्हटलं, हा कुत्रा आहे.

"कुठला कुत्रा?"

तेव्हा तिला मी ही सगळी गोष्ट पहिल्यांदा सांगितली. मी ती एरवी ज्या चालीत सांगतो त्या चालीत सुरुवात केली, खडूस एक्स्टर्नल वगैरे. पण कॉलशीटच्या वाक्यापाशी आलो आणि ते वाक्य मला वेगळंच ऐकू आलं. त्या माणसाला कुत्रा आवडला होता. त्याने छान म्हटलं होतं, ते टोमण्याने नव्हतं. आम्ही फक्त एवढंच लिहायला हवं होतं की हा आपला आपण आला, गाडीवाल्या मित्राने चालणं थांबवलं नाही, म्हणून आम्ही शॉट ठेवला, आणि मग पुढचा क्लोजअप काढून टाकावा लागला कारण कुत्र्यानंतर तो खोटा वाटायला लागला. हे खरंच झालं होतं. तो क्लोजअप आम्ही काढला होता, त्यावरून दोन तास भांडलो होतो, आणि त्यातलं अक्षरही फाइलमध्ये नव्हतं. त्याऐवजी बासष्ट सुबक चौकटी होत्या.

भाचीने नासलेलं दूध लिहिलं. चक्का लिहिला. फ्रिज बंद केल्यावर स्वतःच्या स्कूटीची किल्ली आत ठेवायची म्हणजे फ्रिज चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही, ही युक्ती तिसऱ्या दिवशी आपल्याला कशी कळली, तेही लिहिलं. ती युक्ती मीच सांगितली होती, साउंडवाल्या पोरांत ती जुनी आहे, पण मी म्हटलं राहू दे. तीन शिट्ट्या म्हणजे डाळ शिजली, हे परदेशातल्या परीक्षकाला कळणार नाही, म्हणून तिसऱ्या शिटीनंतर आजीचा गॅसच्या बटणाकडे जाणारा हात आधीच्या फ्रेममध्ये नव्हता तो मुद्दाम घेतला, हे तिने आपलं आपण शोधून लिहिलं. 2000 शब्दांत बसवताना तिची दमछाक झाली. पहिल्या मसुद्यात 1100 सुद्धा भरत नव्हते.

परवा आईकडे गेलो होतो. ती फ्रिज पुसायला काढून बसली होती, सगळे डबे ओट्यावर, प्लग काढलेला. आतल्या रिकाम्या वरच्या कप्प्यात एकच वस्तू होती, तिच्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली.